निवटीच्या कल्ल्यांवरून राहिलेलं भांडण

शैलाताई, उद्या सुनावणी आहे आणि तुझं नाव छापून झालंय.

पत्रकांचे गठ्ठे माझ्या खाटेखाली आहेत. शाई अजून बोटाला लागते. वर ठळक टायपात मथळा आहे, ‘दिवंगत शास्त्रज्ञ शैलाताईंचा निष्कर्ष : शिवडीच्या खाडीत विष’. खाली तुझा फोटो, संस्थेच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तू कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखी दिसतेस. तू हे कधीच म्हणाली नव्हतीस. हे मला माहीत आहे आणि राणेकाकांना माहीत आहे. जिला सगळ्यात पक्कं माहीत होतं ती तू, आणि तू आता बोलू शकत नाहीस.

तुझं तेरावं झालं त्याच संध्याकाळी खाडी बचाव समितीची बैठक झाली. तुझ्या घरासमोरच्या गॅलरीतल्या सतरंज्या अजून उचलल्या नव्हत्या, त्यांच्यावरच बसलो. आधी श्रद्धांजलीचा ठराव, दोन मिनिटं शांतता, आणि शांतता संपताच पत्रकाचा मसुदा. राणेकाकांनी तो खिशात घालूनच आणला होता. मी म्हटलं, हे तिने सांगितलेलं नाही, उलट हे छापू नका म्हणून ती माझ्याशी भांडत होती. राणेकाका शांतपणे म्हणाले, “मेलेल्या माणसानेही कामाला यावं, नंदा. आमचे कितीतरी आले.” त्या माणसाची गिरणी संपात गेली ती गेलीच, तेव्हापासून त्यांनी दुसऱ्याच्या लढ्यांशिवाय काही केलेलं नाही. मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. वाक्य असं पाहिजे की चालत्या माणसाचा पाय थांबला पाहिजे, हे त्यांचं. मतदान झालं. माझा एकटीचा हात खाली राहिला.

सभेत तुझ्याबद्दल पुष्कळ बोलले. गिरणी कामगाराची मुलगी, आपल्या चाळीतली पहिली डॉक्टरेट, लालबागची शान. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण लिहायचंय, कारण ते अर्ध्यावर सोडून तू निघून गेलीस आणि मला वाटतं मी जिंकत होते.

तुला आठवतं का, तू मला ते जनुक पहिल्यांदा समजावलंस ते कोलंबी सोलता सोलता? गॅलरीत पाटावर बसली होतीस, हात मनगटापर्यंत ओले. मी आपलं सहज विचारलं की दिवसभर त्या परळच्या संस्थेत तू माशांचं करतेस तरी काय. तू म्हणालीस, एका एन्झाइमच्या मागे आहे. कायनेज नाव त्याचं. पेशीतला निरोप्या. बाहेर काही बिघडलं, पाणी फार खारट झालं, गोडं झालं, तापलं, त्यात घाण आली, की हा पुढच्याला ढोसतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत खबर पेशीच्या पार आत पोचते आणि पेशी सावध होते. मी लगेच म्हटलं, म्हणजे संपात गेटावरची खबर खात्याखात्यात जायची तसं. तू मानही वर केली नाहीस. “संप नाही तो. पेशीला मागण्या नसतात.”

मग तू म्हणालीस, हा निरोप्या बनवायची कृती जनुकात सलग लिहिलेली नसते. कामाचा एक तुकडा, मग लांबच लांब बिनकामाचा मजकूर, मग पुन्हा कामाचा तुकडा. पेशी मधला मजकूर कापून टाकते आणि तुकडे जोडून वाचते. मी म्हटलं, पेपरसारखं. दोन ओळी बातमी, मग साबणाची जाहिरात, मग उरलेली बातमी पान पाचवर. त्यावर तू एवढी हसलीस की सालांची ताटली उलटली आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी ओरडल्या. ही उपमा तू पुढे तुझ्या विद्यार्थ्यांना सांगायचीस म्हणे. माझं नाव न घेता. चोरटी.

आणि मासा कुठला, तर निवटी. शिवडीच्या चिखलात उड्या मारणारी, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारी, पाण्यात कमी आणि चिखलात जास्त राहणारी निवटी, जिचं सुकं आपल्या अख्ख्या चाळीला आवडतं. तुला तिच्यात त्या जनुकाच्या दोन प्रती सापडल्या. एक प्रत अंगभर थोडी थोडी चालू असते आणि दुसरी जवळजवळ फक्त कल्ल्यांत. ज्या दिवशी हे नक्की झालं त्या दिवशी तू जेलचा फोटो, कुठल्या अवयवात ते जनुक किती चालू आहे हे दाखवणारा, घेऊन थेट माझ्याकडे आलीस. काळ्या कागदावर पांढरे पट्टे. हा मेंदू, हे काळीज, हा स्नायू, आणि बघ हे कल्ले, बघ किती उजळ. तुझा चेहरा असा होता की कुणाचं तरी बाळ दाखवतेयस.

मी विचारलं, याचा उपयोग काय?

तू फोटो परत पाकिटात घातलास. त्या दिवशी तू माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस. नंतर कधीतरी जिन्यात म्हणालीस, “त्या माशाला चिखलात जगायचं असतं, उन्हात जगायचं असतं, खाऱ्या पाण्यात आणि पावसाळ्यात गोड्या पाण्यातही. ते तो कसं जमवतो हे कळलं, हाच उपयोग. सगळ्याचा मोर्चा काढता येत नाही, नंदे.”

आणि मग मलाच त्याचा उपयोग सापडला. कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडे, खाडीला लागून जो रंगाचा कारखाना आहे, त्याचं पाणी आठवड्याच्या वारांप्रमाणे रंग बदलून चिखलात येतं हे आम्ही लहानपणापासून बघतोय. आता त्याला वाढ पाहिजे. दुप्पट काम, दुप्पट पाणी. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी, भोईवाड्याच्या हॉलमध्ये. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगाराला कुणी सुनावणी दिली नाही, आता कारखान्याला वाढायचंय तर खुर्च्या मांडून सुनावणी. आमच्याकडे सह्या होत्या, घोषणा होत्या, रंगीत पाण्याने भरलेल्या बाटल्या होत्या. त्या बाटल्या बघून मंडळाचा साहेब आधीच्या बैठकीत म्हणाला होता, रंग म्हणजे विष नव्हे, शास्त्रीय पुरावा आणा. मी तुझ्याकडे आले. म्हटलं, तुझा निरोप्या घाण पाण्यात जागा होतो ना? मग आमच्या निवट्यांचे कल्ले बघ आणि सांग.

तू नाही म्हणाली नाहीस. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण नंतर मी तुला बरंच बोलले. तू म्हणालीस, नुसत्या शिवडीच्या निवट्या बघून काही कळणार नाही, जिथे असला कारखाना नाही तिथल्याही पाहिजेत. तेव्हा आपण जनाबाईंना गाठलं. शिवडीच्या कोळीवाड्यातल्या जनाबाई, ज्यांची मासळीची पाटी आपल्या चाळीत तुझ्या आजीच्या काळापासून येते. त्यांचा भाऊ ओहोटीला चिखलात उतरतो, बिळात खांद्यापर्यंत हात घालून निवटी काढतो. उरणकडच्या निवट्या त्यांच्या वहिनीच्या माहेराहून येणार होत्या. दोन्हीकडच्या निवट्या जनाबाईंच्या घरी जमवायच्या, तिथून संस्थेत. शैलासाठी म्हटल्यावर जनाबाई पैशाचं नावही घेईनात. तू ठरल्या दिवशी दोन बादल्या घेऊन टॅक्सीने परळला गेलीस आणि टॅक्सीवाल्याने वास येतो म्हणून तुला वाटेत उतरवलं. उरलेली वाट तू बादल्या घेऊन चाललीस.

फोटो आला. शिवडीच्या निवट्यांचे कल्ले लखलखीत. मी तो राणेकाकांना दाखवला आणि राणेकाकांच्या डोळ्यांत संपानंतर पहिल्यांदा काहीतरी चमकलं असं मला वाटलं. तू मात्र फोटोवर बोट ठेवून खालची ओळ दाखवत होतीस. उरणच्याही तितक्याच उजळ. एका-दोघींच्या तर जास्तच.

समितीने वरची ओळ वाचली. तू दोन्ही वाचत बसलीस, आणि मग थेट जनाबाईंच्या दारात जाऊन विचारलंस की मासे हातात आल्यापासून मी नेईपर्यंत त्यांचं काय काय केलंत. जनाबाई म्हणाल्या, काय करणार, धुतल्या. बाजारात निवटी चिखलासकट विकतात, चिखलातच ती जिवंत राहते, गिऱ्हाईक घरी नेऊन राख लावून धुतं. पण घरोब्याच्या माणसाला चिखलाची निवटी कोण देतं? जनाबाईंनी दोन्ही बादल्या नळाच्या पाण्याने चांगल्या खळखळून धुतल्या होत्या आणि वर स्वच्छ पाणी भरून ठेवलं होतं. खाऱ्या चिखलातला मासा सकाळभर गोड्या पाण्यात. तू सांगितलंस की एवढ्या झटक्याने कुठल्याही निवटीच्या कल्ल्यातलं ते जनुक जागं होईल. शिवडीची असो, उरणची असो. कारखाना असो, नसो.

म्हणजे त्या फोटोतून काहीच सिद्ध होत नव्हतं. विष आहे हेही नाही, आणि नाही हेही नाही.

मी तिथे तुझ्याशी भांडायला लागले, कोळीवाड्यात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली. मी म्हटलं, शिवडीच्या माशांचे कल्ले उजळ आले ही गोष्ट खोटी आहे का? तू म्हणालीस, खोटी नाही, अर्धी आहे. मी म्हटलं, आम्ही अर्ध्यावरच लढतो, समोरच्याकडे पाव पण नसतो तरी त्याला परवाना मिळतो. त्याला कोण विचारतं उरणच्या निवट्या कुठे आहेत म्हणून? सगळा शास्त्रीय शहाणपणा गरिबानेच का दाखवायचा? हे अजूनही मला पटतं, शैलाताई. अजूनही मी हेच म्हणेन.

तेव्हा तू मला तुझ्या बाबांची गोष्ट सांगितलीस. आपण एका चाळीत वाढलो आणि मला ती माहीत नव्हती. संप ऐन भरात होता, मी बालवाडीत, तू कॉलेजात. बाबांनी तुम्हा सगळ्यांना खर्च झेपेना म्हणून मालवणला पाठवलेलं. एक दिवस कुठल्याशा कमिटीचं पत्रक आलं, तडजोड झाल्यात जमा आहे, गिरणीतले साचे, म्हणजे माग, लवकरच सुरू. बाबांनी ते वाचलं, तार करून तुम्हाला परत बोलावलं, उधारीवर पेढे आणले. तुम्ही बोटीने आलात. साचे सुरू झाले नाहीत. पत्रक पूर्ण खोटं नव्हतं, तू म्हणालीस, कुठेतरी कुणाशी तरी बोलणी चालू होती. बाबांना ते छापणाऱ्यांचा राग नव्हता. स्वतःचीच लाज वाटायची. पेढ्यांचा पुडा कितीतरी दिवस फडताळात तसाच होता, कुणी खाईना, कुणी टाकेना.

ही गोष्ट मी राणेकाकांना सांगितली. ते म्हणाले, ते पत्रक नसतं तर लोक त्याच आठवड्यात मोडले असते. त्या पत्रकावर माणसं आणखी तग धरून राहिली. मी ते तुझ्याकडे आणलं. तू म्हणालीस, हो, धरून राहिली, आणि मग? असं मी तुमच्या दोघांच्या मधे चेंडूसारखी फिरत होते. तुम्ही दोघं समोरासमोर बसून कधी बोललाच नाहीत. तू त्यांना मान द्यायचीस, ते तुला पोर समजायचे, आणि भांडायचं काम माझ्या अंगावर.

तू काम पुन्हा करायचं ठरवलंस. येत्या अमावस्येच्या ओहोटीला आपण स्वतः चिखलात जायचं, निवटी बिळातून बाहेर आली की तिथल्या तिथे कल्ले काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे, म्हणजे माशाला घाबरायलाही वेळ मिळणार नाही. उरणलाही तसंच. तेवढ्यात मंडळाने सुनावणीची तारीख जाहीर केली. निकाल यायच्या आधीची. मी तुझ्या संस्थेच्या फाटकासमोर तुला गाठलं, त्या चहावाल्याकडे, आणि म्हटलं, आता वेळ नाही, आहे त्यावर सही कर. तू नाही म्हणालीस. मी म्हटलं, बरं, सही राहू दे. तुला स्वतःला काय वाटतं ते सांग. विष आहे की नाही?

“मला काय वाटतं त्याला मंडळापुढे काडीची किंमत नाही. नसलीच पाहिजे.”

“मंडळ खड्ड्यात गेलं. मला सांग.”

तू ग्लास ठेवलास. चहावाल्याला पैसे दिलेस, माझेही दिलेस. म्हणालीस, “ओहोटीला भेटू. गमबूट आण, चपला घालून येशील.” आणि रस्ता ओलांडलास. मी मागून ओरडले की तू घाबरतेस, तुला तुझी खुर्ची जपायचीय. आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं. तू वळली नाहीस. त्यानंतर तू मला जिवंत दिसली नाहीस. संस्थेच्या जिन्यात तुझ्या डोक्यातली नस फुटली, आणि हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच असून त्याचा काही उपयोग झाला नाही.

‘तू घाबरतेस’ हे वाक्य मी मागे घेत नाही. लोक मला सांगतात, मनातल्या मनात माफी माग, हलकं वाटेल. मला हलकं वाटून घ्यायचं नाही. मला उत्तर पाहिजे होतं.

ते मिळालं, पण कसं ते ऐक. परवा मी तुझ्या आईकडे डबा परत द्यायला गेले. काकू एकट्याच होत्या, तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. काय खाल्लंत विचारलं तर म्हणाल्या, आता काय, वरणभात. मग म्हणाल्या, “नंदा गो, जीभ मेली लाज नाय बाळगत. मला निवट्यांचं सुकं खावंसं वाटतं. शैलानं गेल्या गणपतीपासून घरात आणूच दिल्या नाहीत. म्हणायची, आई, काही दिवस नको. का म्हणून विचारलं की गप्प.”

गेल्या गणपतीपासून. म्हणजे मी तुझ्याकडे यायच्याही आधीपासून. म्हणजे चिखलाकडे बघून, पाण्याचा रंग बघून, तुझ्या कामावरून, कशावरून तरी तुला वाटत होतं. एवढं वाटत होतं की आईच्या ताटात ती निवटी नको होती. आणि मला तू चहाचे पैसे देऊन वाटेला लावलंस.

बाहेर येऊन गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि तुझा असा राग आला की रडू आलं नाही. स्वतःच्या आईला वाचवायला तुला उरणच्या निवट्या लागल्या नाहीत. तिथे अर्धी गोष्ट पुरली. बाकीच्यांनी मात्र पूर्ण पुरावा येईपर्यंत खात राहायचं. आपली सगळी चाळ खात होती, शैलाताई. मी खात होते. तू माझ्या ताटाकडे बघत बसली असशील एखाद्या दिवशी. काय वाटलं तुला? याचं उत्तर कुणाकडून आणू?

आणि राणेकाकांना हे कळलं असतं तर? शास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या घरात निवटी बंद केली! चालत्या माणसाचा पाय थांबेल असं वाक्य. मला ते आयतं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते घेऊन राणेकाकांकडे निघाले आणि गेले कोळीवाड्यात.

जनाबाई पाटी भरत होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी पाटीवर ओला फडका टाकला आणि म्हणाल्या, “मला नवीन काय सांगतीस? गणपतीपास्न ती माझ्याकडची निवटी घेत नवती. बोंबील घ्यायची, कोलंबी घ्यायची. निवटी दाखवली का नजर दुसरीकडं.” मी विचारलं, मग तुम्ही तिला का नाही विचारलंत? त्यांनी पाटीवरचा फडका पुन्हा नीट केला. “काय विचारू? माझा माल घाण हाय का म्हणून? म्हणून तर त्या दिवशी एवढी धुतली. तिला दाखवायचं व्हतं, बघ, जनीची निवटी किती स्वच्छ हाय.”

घरोब्यापायी धुतलं असं आपण समजत होतो. तू पण तसंच समजून गेलीस.

मी पत्रकाचं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, मला वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, विष म्हणून छापलंस तर माझी पाटी उद्यापास्न कोण घेणार? आणि नाय छापलंस तर कारखाना पसरणार, मग निवटीच राहणार नाय. आमच्या समितीच्या एवढ्या बैठका झाल्या, एकीतही हा प्रश्न निघाला नव्हता. जनाबाईंना आम्ही मोर्चात पुढे उभं करत होतो, फोटो चांगला येतो म्हणून.

“मी काय विकते ते मलाच ठावं नाय,” त्या म्हणाल्या. “तुझी शैला ते बघणार व्हती. आता कोण बघणार?”

म्हणून हे ठरलंय. उद्या अमावस्या आहे, ओहोटी सकाळची, सुनावणी दुपारची. तुझी विद्यार्थिनी गौरी नायट्रोजनचं भांडं घेऊन येतेय. ती तुझ्यासारखीच हट्टी आहे, येते म्हणाली म्हणजे येईल. जनाबाईंचा भाऊ निवट्या काढेल आणि कुणीही त्यांना पाणी लावणार नाही. तिथून गौरी लाँचने उरणला, तिकडची संध्याकाळची ओहोटी साधायला. कारखान्याच्या केमिस्टलाही मी बोलावलंय, म्हटलं, तुम्ही पण या, कुठली निवटी घ्यायची ते तुम्ही दाखवा. तो फोनवर हसला आणि येतो म्हणाला. आणि दुपारी मी हॉलमध्ये उभी राहून सांगणार आहे की आधीचे मासे आमच्याकडूनच बिघडले, त्यांच्यावरून काही सांगता येत नाही, नवे आज सर्वांसमोर घेतलेत, त्यांचा निकाल येईपर्यंत परवाना देऊ नका. तू निवटी घरात बंद केली होतीस हेही सांगणार आहे. जनाबाईंनी परवानगी दिली, एका अटीवर, की त्यांनी का धुतल्या तेही सांगायचं.

‘सांगता येत नाही’. हे वाक्य मी आजवर कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. कारखान्याचा वकील ते वाक्य उचलून नाचेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. कदाचित मंडळ उद्याच परवाना देऊन मोकळं होईल. तसं झालं तर समितीतले लोक मला दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांचं फार चुकेल असंही नाही.

आज संध्याकाळी राणेकाका गठ्ठे न्यायला आले. मी देणार नाही म्हटलं. ते खाटेवर बसले, गठ्ठ्यांच्या बरोबर वर, आणि मला म्हणाले की लढ्यात एकट्याचा विवेक म्हणजे चैन असते. मी म्हटलं, तिचा फोटो आणि तिचं नाव काढून तुमच्या नावाने छापा, मी स्वतः वाटते. तुमच्या नावावर विष म्हणा. ते त्यांनी कानाआड केलं. मग त्यांनी विचारलं, “आणि निकाल आपल्या विरुद्ध आला तर? शिवडीची निवटी ठणठणीत निघाली तर?”

“तर तोही छापायचा.”

“कोण छापणार?”

“मी.”

“कुणासाठी?”

मी म्हटलं, जनाबाईंसाठी, त्यांना पाटी विकायचीय. संपात आम्ही असं केलं असतं तर, एवढं राणेकाका म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून उठले. चपला घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला. गठ्ठे नेले नाहीत. उद्या हॉलमध्ये ते माझ्यानंतर बोलणार आहेत आणि काय बोलतील ते मला माहीत नाही.

मला हे पटलेलं नाही, शैलाताई. तू गैरसमज करून घेऊ नकोस. परवाना मिळाला आणि महिन्याभराने निकाल आला की विष होतंच, तर मी तुला कधी माफ करणार नाही, आणि स्वतःलाही नाही. अजून माझं म्हणणं तेच आहे की घर जळत असताना धुराचं मोजमाप करत बसू नये. तू असतीस तर हे मी उद्या सकाळी चिखलात उभी राहून तुला ऐकवलं असतं, गुडघ्यापर्यंत रुतलेली, आणि तू मला उत्तर दिलं असतंस, आणि मी त्याला उत्तर दिलं असतं.

आता तू नाहीस. म्हणून तुझ्या बाजूने मलाच बोलावं लागतंय, आणि माझ्या बाजूने भांडायला कुणी उरलेलं नाही.